बू जासिमच्या मेलेल्या बंदुका

समाधानच्या हाताखालून आजवर एक्केचाळीस बंदुका गेल्या होत्या आणि त्यातली एकही जिवंत नव्हती. आता बहारीनमधल्या सलमाबादच्या वर्कशॉपात लेथवर पंपांचे शाफ्ट कातणाऱ्या माणसाचा बंदुकांशी संबंध काय, असं कुणीही विचारेल. संबंध होता तो बू जासिममुळे.

बू जासिम म्हणजे हमद टाउनमधला साठी ओलांडलेला, पोट सुटलेला, सदा हसरा बहारीनी गृहस्थ. त्याला नाद एकच. लढाईवर गेलेल्या शिपायांनी शत्रूकडून मिळवून घरी आणलेल्या रायफली गोळा करायच्या. कुठे कोण म्हातारा शिपाई वारला, त्याच्या माळ्यावरून बंदूक निघाली, असं कानावर आलं की हा तिथे हजर. बंदुकीबरोबर तिची गोष्टही घेऊन यायचा. कुणी आणली, कुठल्या खंदकातून, कुणाच्या हातातून. गोष्ट नसेल तर बंदूक म्हणजे नुसता पाइप, असं म्हणायचा.

त्याच्याकडे रीतसर परवानगी होती, पण एका अटीवर. संग्रहातली प्रत्येक बंदूक मेलेली हवी. म्हणजे नळीत लोखंडी बूच ठोकलेलं आणि मागचा, काडतूस आत सरकवणारा बोल्ट वेल्डिंगनं जाम केलेला. चाप तेवढा हलला तरी चालेल. मेलेली बंदूक आधी झुबेरच्या वर्कशॉपात यायची. झुबेर म्हणजे समाधानचा फोरमन, पेशावरकडचा, बोलायला तिखट आणि वागायला बरा. समाधाननं ती पुसायची, तुटका स्क्रू बसवायचा, दस्त्याला तेल लावायचं, ती मेलेली असल्याची खात्री करायची आणि फॉर्मवर सही ठोकायची. तो फॉर्म पुढे सरकारी ऑफिसात जाणार.

खात्री करायची रीत सोपी होती. एक लांब सळई नळीत सारायची. सळई अडली, की बूच आहे, बंदूक मेलेली. फौजेतला माणूस नळी आरपार मोकळी दिसली की निश्चिंत होतो. समाधानचं बरोबर उलटं झालं होतं. सळई अडली की तो निश्चिंत व्हायचा. एक्केचाळीस वेळा सळई अडली, एक्केचाळीस वेळा सही केली, आणि सवय नावाची चीज माणसाच्या डोक्यावर कशी बसते ते त्याला कळलंही नाही.

बेचाळिसावी बंदूक गुरुवारी सकाळी आली. ग्रीसचा असा थर चढलेला की बोट लावलं तर चिकटून बसावं. एका जुन्या शिपायानं कुठल्याशा वाळवंटातल्या लढाईतून आणून तीस वर्षं घरात ठेवली होती. त्याच्या पोरांनी सांगितलं, बाबांनी ती तेव्हाच बंद करून घेतली होती. समाधाननं बोल्ट ओढून पाहिला, हलेना. सळई घातली, अडली. झालं. चापही अडकलेला होता, म्हणून त्यात गंज सोडवणारं तेल सोडलं. संध्याकाळपर्यंत मोकळा होईल, असं बू जासिमच्या ड्रायव्हरला सांगितलं, सही केली आणि बंदूक त्याच्या ताब्यात दिली. झुबेर मागून ओरडतच होता की मआमीरच्या फॅक्टरीचा शाफ्ट आजच्या आज द्यायचाय, यल्ला, यल्ला, उरक लवकर.

चाप मोकळा होणं महत्त्वाचं होतं, कारण बू जासिमच्या मजलिसचा एक रिवाज होता. मजलिस म्हणजे त्याच्या घराची बाहेरची मोठी बैठक, भिंतीला टेकून गाद्या, मध्ये कहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, किटली. दर गुरुवारी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजानंतर मित्र जमायचे. नवी बंदूक आली की ती सगळ्यात मानाच्या पाहुण्याच्या हातात द्यायची. बू जासिम समोर बसून हात वर करायचा, पाहुण्यानं त्याच्यावर नेम धरायचा आणि चाप ओढायचा. टक् वाजलं की बू जासिम छातीवर हात दाबून गालिच्यावर आडवा पडायचा. लोक हसून हसून बेजार. दर वेळी तोच विनोद, दर वेळी तेच हसू. माणसाला कशाचं हसू येईल काही सांगता येत नाही बुवा.

आणि आजचा मानाचा पाहुणा होता समाधानचा बाप.

यादवराव चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून रिटायर झालेले. एकाहत्तरच्या लढाईत ते विशीत होते आणि तिथे त्यांनी एक माणूस अगदी हाताच्या अंतरावरून मारला होता. एवढंच घरात माहीत होतं, त्यापुढे विचारायची कुणाची छाती नव्हती. पेन्शनीत आल्यावर त्यांनी हत्याराला हात लावला नाही. मूर्तिजापूरच्या बँकेत गनमनची नोकरी चालून आली होती. माजी सैनिकांना ती हमखास मिळते. पगार चांगला होता. यादवरावांनी सांगितलं, मले बंदूक धरायची नाई. आणि लाकडाच्या वखारीत हमाली केली. समाधान तेव्हा दहावीला होता. त्या वर्षी त्याला क्लास लावता आला नाही, याचा राग त्यानं बापावर पुढची वीस वर्षं धरून ठेवला होता. तोंडानं कधी बोलला नाही, पण धरून ठेवला होता.

आता ते दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर लेकाकडे आले होते. बू जासिमला कळलं की समाधानचा बाप खराखुरा लढलेला शिपाई आहे, तेव्हा तो हट्टालाच पेटला. ह्या गुरुवारी बाबाजींनाच आणा. समाधानलाही ते हवंच होतं. बू जासिम आपल्या संग्रहासाठी घरामागे एक खोली बांधत होता. तिथे कायमचा माणूस ठेवणार, त्याच्या नावावर व्हिसा काढणार. लेथच्या धगीतून सुटका होईल, तर कुणाला नको असते?

यादवराव दोन दिवस नाही म्हणत होते. समाधानची बायको पुष्पलतासुद्धा म्हणाली, नसेल त्यांच्या मनात तर कशाला जबरदस्ती करता? समाधाननं ऐकलं नाही. काल जेवताना तो बापासमोर मांडी घालून बसला आणि एक एक मुद्दा पटवत गेला. बंदूक कसली, ते लोखंडाचं मढं आहे. नळी बुजवलेली, बोल्ट झाळलेला. नुसतं टक् वाजतं. सगळ्यात शेवटी तो म्हणाला, "बाबा, मी सोता तपासतो अन् सोता सही करतो. माह्यावर भरोसा हाये का नाई?"

यादवरावांनी बराच वेळ भात कालवला आणि हो म्हटलं.

गुरुवारी साडेचारला बू जासिमची गाडी त्यांना घरून घेऊन गेली. पांढरा सदरा, वर जाकीट, पायात पॉलिश केलेले बूट. समाधानला निघता येत नव्हतं, शाफ्ट अर्धाच कातून झाला होता. तो संपवून मजलिसला पोचेन, असं त्यानं सांगून ठेवलं होतं.

पाच वाजता शाफ्ट उतरवून तो हत्यारं आवरायला लागला. सळईवर सकाळचं ग्रीस तसंच होतं. चिंधी घेऊन त्यानं ती पुसली आणि टोकाशी येऊन त्याचा हात थांबला.

टोकाला तांबूस चकाकी होती.

आयुष्य धातूत घालवलेल्या माणसाला दिव्याखाली धरून बघावं लागत नाही. लोखंडी बुचावर सळई घासली तर करडा ओरखडा उठतो. हे तांबं होतं. त्यानं नखानं खरवडून पाहिलं, तांबंच. नळीत तांबं कशाला असेल? मग त्यानं सळईवरची ग्रीसची खूण पाहिली. इतर बंदुकांत सळई वीतभर आत जाऊन अडायची, कारण बूच तोंडाशी असतं. ही जवळजवळ सगळीच्या सगळी आत गेली होती. अगदी शेवटी, बोल्टच्या जरा अलीकडे अडली होती. बरोबर जिथे गोळीचं तांब्यानं मढवलेलं टोक असतं तिथे.

बूच नव्हतंच. बोल्ट झाळलेला नव्हता, तीस वर्षांच्या वाळलेल्या ग्रीसनं चिकटला होता. चोराच्या भीतीनं असेल, नाहीतर आणखी कशानं, पण त्या म्हाताऱ्या शिपायानं बंदूक भरून ठेवली होती आणि तशीच तो सोडून गेला होता. आणि अडकलेला चाप समाधाननं स्वतःच्या हातानं तेल सोडून मोकळा केला होता.

ज्या माणसानं बंदूक न धरण्यापायी हमाली केली, त्याच्या हातात भरलेली बंदूक लेकानंच दिली होती, आणि समोर बू जासिम हात वर करून हसत बसणार होता.

त्यानं बू जासिमला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, परत वाजत राहिला. मग त्याला आठवलं, मजलिसच्या दारात सगळ्यांचे फोन टोपलीत ठेवून घेतात. हत्यारांचे फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून बू जासिमचा तसा नियमच होता. ड्रायव्हरचा नंबर समाधानकडे नव्हता. बापाकडे इथला फोनच नव्हता.

झुबेरला त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. झुबेरचा चेहरा उतरला. पिकअपची किल्ली त्याच्या हातात देत तो म्हणाला की जा, मी फोन लावत राहतो. आणि मग हलक्या आवाजात, "पुलिस को मत बोलना अभी. सही तेरी है."

समाधान निघाला. गुरुवारची संध्याकाळ, म्हणजे आठवड्याची सुटी लागलेली, सगळं बहारीन रस्त्यावर. हायवेवर गाड्या इंचाइंचानं सरकत होत्या. पोलिसांना फोन करावा, हे त्याला पहिल्या मिनिटालाच सुचलं होतं. त्यांची गाडी हमद टाउनमध्ये जवळपास असेलच, त्याच्या आधी पोचेल. फोन मांडीवर होता. तीन आकडे दाबायचे होते. आणि तो दाबत नव्हता. सही तेरी है. भरलेल्या बंदुकीला मेलेली म्हणून लिहून देणारा परदेशी कामगार. व्हिसा गेला, नोकरी गेली, कदाचित तुरुंग. तो स्वतःला सांगत होता, मी पोचतोच ना, नमाज व्हायचाय अजून, मग कहवा, मग गप्पा. तेवढ्यात मगरिबची बांग झाली. एका मशिदीतून, मग दुसऱ्या, मग सगळीकडून. आता फार तर वीस मिनिटं. त्याला स्वतःची शिसारी आली आणि तरी बोट आकड्यांवर गेलं नाही. हे त्यानं नंतर पुष्पलतालाही सांगितलं नाही.

हमद टाउनमध्ये गोल चक्करांना नंबर आहेत आणि लोक पत्ता त्यावरूनच सांगतात. पहिल्या चक्करावर अपघात होऊन दोन गाड्या आडव्या उभ्या. दुसऱ्यावर बसनं रस्ता अडवलेला. तो हॉर्नवर हात दाबून बसला. शेजारच्या गाडीतल्या बाईनं काच खाली करून चांगलं सुनावलं. तिसऱ्या चक्करावर त्यानं शेवटी फोन उचलला, आकडे दाबले, आणि पलीकडून आवाज येईपर्यंत समोरची वाट मोकळी झाली. त्यानं फोन कट केला आणि पिकअप पळवली.

बू जासिमच्या दारात शाहिद उभा होता. हा तिथला कहवा देणारा, फोनची टोपली त्याच्याच ताब्यात. त्यानं हात पुढे केला, फोन द्या, बूट काढा. समाधान त्याला ढकलून बुटांसकट आत शिरला.

बू जासिम गालिच्यावर उताणा पडला होता.

छातीवर हात, डोळे मिटलेले. समोर गादीवर यादवराव, खांद्याला बंदूक. मग बू जासिमचं पोट हललं, त्यानं एक डोळा उघडला, आणि सगळी बैठक हसण्यानं दणाणली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बू जासिम कपाळावरचा घाम पुसत उठून बसला आणि समाधानला पाहून म्हणाला की ये ये, तुझ्या बाबाजींनी मला मारलं.

टक् वाजून गेलं होतं. गोळी सुटली नव्हती. तीस वर्षांची दारू, ओल लागली असेल, काय असेल ते असेल, सुटली नव्हती. आणि त्याच क्षणी समाधानच्या मनात काय आलं असेल? की आता कुणालाच कळायचं कारण नाही. एक स्क्रू राहिलाय म्हणावं, बंदूक घेऊन जावं, वर्कशॉपात गुपचूप काय ते करावं. नोकरी शाबूत, बाप शाबूत, मागची खोलीही शाबूत. माणसाचं मन म्हणजे खरंच काय सांगावं!

तो तसं बोललासुद्धा. स्क्रू ढिला आहे, घेऊन जातो. बू जासिमनं हात झटकला, बाद में, बाद में. यादवरावांच्या शेजारचा जाडा पाहुणा आपली पाळी म्हणून हात पुढे करत होता. बू जासिम पुन्हा हात वर करून तयार बसला होता. एकदा न सुटलेलं काडतूस दुसऱ्या ठोक्याला सुटतं, एवढं तर समाधानलाही ठाऊक होतं.

यादवराव मात्र बंदूक देत नव्हते. ते लेकाच्या तोंडाकडे बघत होते. लेकाच्या बुटांकडे बघत होते, जे बैठकीत यायला नको होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"बाबा," समाधान म्हणाला, "ते भरेल हाये."

भर मजलिसमध्ये हे दोघांनाच कळलं. यादवरावांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी चापावरचं बोट काढलं, नळी छताकडे केली आणि उठून उभे राहिले. चौऱ्याहत्तरीचा माणूस, उठताना एरवी दोनदा गुडघ्यावर हात टेकायचा, तो सरळ उठला. डाव्या हातानं सगळ्यांना बसून राहायची खूण केली. असं काही होतं त्या खुणेत, की हसणारे लोक गप्प झाले आणि कुणी जागचं हललं नाही. नळी वर धरून, दारात बुटांत पाय सरकवून ते अंगणात गेले. मागे समाधान. त्याच्या मागे, काहीतरी चुकलंय हे उमजलेला बू जासिम.

नव्या खोलीच्या बांधकामासाठी टाकलेला वाळूचा ढीग होता. यादवरावांनी नळी त्या वाळूकडे रोखली आणि तसेच स्थिर उभे राहिले. सुटायची तर मागाहूनही सुटते, थांबावं लागतं, हे फौजेत शिकवतात. पुरतं मिनिट गेलं. मग त्यांनी पायातला बूट काढला आणि त्याच्या टाचेनं बोल्टच्या मुठीवर एक घाव घातला. दुसरा. दिवसभर तेलात मुरलेला बोल्ट तिसऱ्या घावाला कुरकुरत मागे आला आणि काडतूस वाळूत पडलं.

समाधान उचलायला वाकला. यादवरावांनी त्याला बाजूला सारलं आणि स्वतः उचललं. दारावरच्या दिव्याखाली बुडाची बाजू वर करून धरलं.

बुडाच्या बरोबर मधोमध खळगी पडली होती. ताजी, चकचकीत.

चाप ओढला होता. गोळी पेटवणारी पिन सुटली होती. जिथे बसायची तिथे बसली होती. त्यांच्या बाजूनं काहीच बाकी राहिलं नव्हतं.

"म्या गोळी झाडली," यादवराव म्हणाले.

"सुटली नाई, बाबा."

"ते तिचं. म्या झाडली."

बू जासिमला आता कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. तो बांधकामाच्या विटांवर मटकन बसला. समाधान त्याच्यासमोर गेला आणि जी वाक्यं वाटभर टाळत आला होता ती आपल्या मोडक्या हिंदीत बोलला. सळई अडली म्हणून मी धरून चाललो. बोल्ट उघडून पाहिला नाही. फॉर्मवरची सही माझी आहे. पोलिसांना तुम्ही बोलवा नाहीतर मी बोलावतो. बू जासिम नुसता मान हलवत राहिला. पोरांनी जे सांगितलं ते मीही मानलं, एवढंच पुटपुटला.

यादवराव काडतूस मुठीत धरून त्याच्याजवळ आले. समाधानकडे न बघता म्हणाले, "इचार त्याले. लेकरं किती हायेत?"

समाधाननं विचारलं. सहा, बू जासिम म्हणाला. चार मुली, दोन मुलगे. धाकटीचं लग्न व्हायचंय. समाधाननं सांगितलं. यादवरावांनी बू जासिमचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या एकाहत्तरातल्या माणसाला लेकरं किती होती, हे विचारायला त्यांना कुणी सापडलं नव्हतं.

पोलिस आले, बंदूक आणि काडतूस घेऊन गेले, फॉर्मही घेऊन गेले. बू जासिमनं त्यांना स्वतः होऊन सांगितलं की ह्या मुलानं येऊन थांबवलं. रविवारी बू जासिमनं आणि समाधाननं चौकीवर यायचं, तोवर समाधाननं देश सोडायचा नाही. पुढे काय होईल ते इंशाल्ला, असं एक पोलिस म्हणाला, आणि त्यात दिलासाही नव्हता, धमकीही नव्हती.

नऊ वाजत आले होते. पिकअप दाराशी उभी होती. यादवरावांनी लेकाला अजून कशाचाच जाब विचारला नव्हता. ओरडले असते, थोबाडीत मारली असती तर समाधानला बरं वाटलं असतं. त्यानं त्यांच्या बाजूचं दार उघडून धरलं. ते आत बसेनात.

"पन्नास-साठ वर्सं झाली," ते म्हणाले, "सख्ख्या भावानं जरी दिली तरी बोल्ट उघडल्याबिगर म्या कोनाची रायफल हातात घेतली नाई. आज घेतली. तू बोलला होता म्हनून."

समाधाननं दार तसंच धरून ठेवलं.

"ब्रेक लागतात का हिचे?" यादवरावांनी विचारलं.

"लागतात, बाबा."

"दाखव."

समाधान वळसा घालून गेला, सीटवर बसला आणि पाय दाबला. यादवराव गाडीच्या मागे गेले. लाल दिवे पेटले का ते त्यांनी वाकून पाहिलं, पुन्हा एकदा दाबायला लावलं, गाडी हातभर पुढे घेऊन थांबवायला लावली, आणि मग येऊन बसले.